दोष पाखरांना, वाट आपली

बर्ड फ्लूची बातमी आली की जेऊर-केत्तूर पट्ट्यातल्या पोल्ट्रीवाल्यांची नजर आधी उजनी धरणाच्या फुगवट्याकडं जाते. थंडीत तिथं पट्टकादंब उतरतात, बदकं उतरतात. मग आजारही त्यांनीच आणला, असं ठरून जातं.

भीती अगदीच खोटी नाही. इन्फ्लुएंझाचे विषाणू पाणपक्ष्यांच्या आतड्यात वाढतात, विष्ठेतून पाण्यात पडतात आणि थंड पाण्यात बरेच दिवस टिकतात. पेशीत शिरायला त्यांच्यावरचं एक प्रथिन तुटावं लागतं. साध्या विषाणूसाठी ते काम करणारी विकरं फक्त श्वसनमार्गात आणि आतड्यात मिळतात, म्हणून आजार सौम्य राहतो. एच५ आणि एच७ गटांतले काही विषाणू मात्र कोंबड्यांत फिरता फिरता असे बदलतात, की शरीरभर सापडणारं विकरही त्यांना चालतं. मग मेंदू, फुप्फुस, मूत्रपिंड, काहीच वाचत नाही. तुरे निळे पडतात आणि काही दिवसांत शेड रिकामं होतं.

पण पाखरू विषाणू फार तर पहिल्या शेडपर्यंत आणतं. तिथून पुढं बहुतेक वेळा आपणच नेतो. न धुतलेले अंड्यांचे ट्रे, पक्षी भरायचे क्रेट, खाद्याची गाडी, या शेडवरून त्या शेडवर जाणारे मजूर आणि त्यांच्या चपला. सगळ्यात वाईट म्हणजे मर लागल्यावर उरलेला माल रातोरात व्यापाऱ्याच्या गाडीत भरणं.

देशातला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला. सुरुवातीला ती मर राणीखेत रोगाचीच वाटली. भोपाळच्या प्रयोगशाळेनं निदान केलं तोवर मर पसरली होती. लाखो पक्षी मारावे लागले आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही तेच झालं. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात आणि त्यानंतरच्या महिन्यात पुन्हा नवापुरात आजार आला. शेडला शेड लागून असली की विषाणूला पंखांची गरज उरत नाही.

म्हणून सगळा खेळ लवकर कळवण्याचा आहे, आणि तिथंच आपली व्यवस्था कच्ची आहे. सरकारी भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची. आधी मेलेल्यांची नाही. शिवाय खबर दिली की आसपासच्या सगळ्यांची विक्री थांबते, म्हणजे गावाचा रोष पदरात. करारावर ब्रॉयलर वाढवणाऱ्याची तर गत आणखी वेगळी: पक्षी कंपनीचे, शेडचं कर्ज मात्र त्याचं.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्याच दिवशी कळवणाऱ्याला त्या दिवशी मेलेल्या पक्ष्यांचेही पैसे द्या, आणि शेड बंद राहील तोवरच्या हप्त्याला मुदत द्या. शेतकऱ्यानंही दारात चुन्याची ताटली आणि शेडपुरत्या वेगळ्या चपला ठेवाव्यात, गावरान कोंबड्या-बदकं शेडपासून लांब ठेवावीत. फुगवट्यावरची पाखरं कुणाला थांबवता येणार नाहीत. क्रेटची गाडी मात्र फाटकावरच थांबवता येते.