देवाचा वार कोणाचा?

महाराष्ट्र आणि गोवा येथील देवळांचे एक साप्ताहिक वेळापत्रक आहे. ते कोणत्याही भिंतीवर लावलेले नसते. पण गावोगावच्या माणसांना ते तोंडपाठ असते. सोमवार त्र्यंबकेश्वराचा आणि गोव्याच्या मंगेशाचा, मंगळवार प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचा, गुरुवार दत्ताचा आणि शिर्डीचा, शुक्रवार करवीरच्या अंबाबाईचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा आणि म्हार्दोळच्या महालसेचा. नित्याची पूजा या देवळांत रोजच होते. परंतु ज्याचा त्याचा वार आला की नित्यक्रमाला काही जोड मिळते. कोठे पालखी निघते, कोठे आरती लांबते, कोठे देवाला ठेवणीतले अलंकार चढतात. ही वाराची पूजा पाहायला येणाऱ्यांत मोठा भरणा असतो तो नोकरदारांचा, शिक्षकांचा, परीक्षेच्या धास्तीने आलेल्या विद्यार्थ्यांचा आणि संसाराची कामे उरकून धावत आलेल्या गृहिणींचा. वर्षातून एकदा घडणाऱ्या यात्रेला रजा काढावी लागते. वाराच्या पूजेला कचेरी सुटल्यावरही जाता येते.

याच साध्या सोयीत वाराच्या पूजेचे मर्म आहे. आणि नेमके तेच आज संकटात आहे. विशेष पूजा या शब्दाचा अर्थ पाहता पाहता बदलला आहे. ज्या दिवशी देवाची पूजा सर्वांसाठी विशेष थाटाने होते ती विशेष पूजा, असा त्याचा मूळचा अर्थ. ज्या पूजेसाठी अथवा दर्शनासाठी विशेष रक्कम मोजली जाते ती विशेष, असा अर्थ आता रूढ होऊ लागला आहे. पहिल्या अर्थात वार विशेष असतो, दुसऱ्या अर्थात गिऱ्हाईक विशेष ठरते. हा फरक केवळ शब्दांचा नाही. देवाचा वार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे.

वार आणि तिथी

आपल्या धर्मजीवनात वार तसा उशिरा आला. वैदिक कालगणना तिथी, नक्षत्र आणि ऋतू यांवर चालत असे. सात वारांचा आठवडा पश्चिमेकडील ग्रहज्योतिषाबरोबर भारतात येऊन रुजला. आपल्याकडील शिलालेखांत वाराचा निश्चित उल्लेख सापडतो तो मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या लेखात. गुप्त संवत् १६५, म्हणजे इसवी सन ४८४ मधील आषाढ शुद्ध द्वादशीचा तो दिवस गुरुवार होता, असे हा लेख सांगतो. एकादशी, चतुर्थी, प्रदोष ही तिथीची व्रते; ती पंचांग पाहून पाळावी लागतात आणि आठवड्याच्या कोणत्याही दिवशी येऊ शकतात. वाराला पंचांग लागत नाही. तो सात दिवसांनी आपल्या पायांनी येतो. त्यामुळे पंचांगाशी फारसा संबंध नसलेल्या माणसालाही वाराचे व्रत आपलेसे वाटले, यात नवल नाही.

औद्योगिक जीवन सुरू झाल्यावर तर वाराचे महत्त्व आणखी वाढले. घड्याळाच्या तालावर चालणाऱ्या गिरणीत तिथीला किंमत नव्हती. होती ती वाराला आणि भोंग्याला. या संदर्भात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी यासाठी १८८४ साली त्यांनी परळ येथे सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारला सादर केले. सहा वर्षे हा आग्रह चालू राहिला आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगाराला तो मोकळा मिळाला पाहिजे, असाही एक युक्तिवाद या मागणीच्या पाठीशी होता, असे सांगितले जाते. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतला हा नेता देवाच्या वाराकडे कष्टकऱ्याच्या हक्काच्या दृष्टीने पाहत होता, हे विसरता येणार नाही. वाराच्या पूजेला जाणे म्हणजे आपल्या वेळेतला काही भाग धन्याच्या, कचेरीच्या आणि बाजाराच्या हातून सोडवून घेणे होय. ज्याच्याजवळ द्रव्य नाही त्याच्याजवळ देवाला वाहण्यासाठी वेळ असतो. आणि कष्टकऱ्याच्या वेळेइतके महाग दान दुसरे नाही.

बाहेर येणारा देव

वाराच्या पूजेचे सर्वांत बोलके रूप म्हणजे पालखी. त्र्यंबकेश्वराचे काळ्या पाषाणातले आजचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतले. १७५५ मध्ये सुरू झालेले काम १७८६ पर्यंत चालले. गाभाऱ्यातील ज्योतिर्लिंग सखल आहे. त्याच्या खळग्यात ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. उंबऱ्यापाशी उभ्या राहणाऱ्याला ती धड दिसतही नाहीत. परंतु दर सोमवारी दुपार कलली की देवाचा पंचमुखी मुखवटा पालखीत बसतो, वाजतगाजत कुशावर्तावर जातो आणि तेथे स्नान करून परत येतो. होळकरांचे फडणीस रावसाहेब पारनेरकर यांनी १७५० मध्ये बांधलेल्या त्या कुंडाच्या पायऱ्यांवर, वाटेवरच्या दुकानांच्या फळ्यांवर, घरांच्या ओट्यांवर जो उभा असेल त्याला दर्शन घडते. एरवी ज्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी तासन् तास तिष्ठावे लागते तो देव त्या दिवशी स्वतः लोकांपर्यंत चालत येतो.

इतरत्रही हेच घडते. १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळला आलेला मंगेश सोमवारी सायंकाळी वाद्यांच्या गजरात पालखीतून मिरवतो. कोल्हापुरात शुक्रवारी रात्री अंबाबाईची पालखी निघते. शिर्डीला दर गुरुवारी रात्री साईबाबांची पालखी द्वारकामाईतून चावडीकडे जाते. बाबा एका रात्रीआड चावडीत निजायला जात असत, त्या परिपाठाची ती आठवण आहे. या सर्व प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. देव चालत असतो, म्हणून कोणाला त्याच्यासमोर जागा अडवून बसता येत नाही. पालखी पुढे सरकली की पुढचा मागे पडतो आणि मागचा पुढे येतो. जे दर्शन क्षणाचे असते, त्याची विभागणी आपोआपच समान होते.

अर्थात पालखी वा रथ रस्त्यावर आला म्हणजे समता आली, असे मानण्याइतका भाबडेपणा महाराष्ट्राला परवडणारा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. पुढच्याच महिन्यात रामनवमीच्या निमित्ताने निघणारा रथ स्पृश्य आणि अस्पृश्य अशा दोघांनी मिळून ओढावा, असे ठरले. प्रत्यक्षात सत्याग्रहींना हुलकावणी देऊन रथ पळवण्यात आला आणि त्यांच्यावर दगडफेक झाली. देव रस्त्यावर होता. पण त्याच्या दोराला हात लावण्याचा हक्क मूठभरांनी आपल्या मुठीत ठेवला होता. पुढे हरिजनांच्या मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले. सर्व हिंदूंना देवळे खुली करणारा कायदा मुंबई राज्याने १९५६ मध्ये केला. आणि त्याच कायद्याच्या आधारे, स्त्रियांना मंदिरप्रवेश नाकारता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला २०१६ मध्ये पुन्हा सांगावे लागले. देवळाचे दार उघडण्यासाठी इतकी वर्षे आणि इतके सत्याग्रह खर्ची पडले. त्या उघडलेल्या दारातून आत गेल्यावर दोन रांगा दिसाव्यात, एक पैसे न भरणाऱ्यांची आणि दुसरी भरणाऱ्यांची, याला प्रगती कसे म्हणावे? जन्माची प्रतिष्ठा जाऊन द्रव्याची प्रतिष्ठा आली, एवढाच तिचा अर्थ होतो.

देणगीचे समर्थन

सशुल्क दर्शनाच्या आणि सशुल्क पूजेच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात ते अगदीच टाकाऊ नाहीत. गर्दी अफाट वाढली आहे. मंगळवारच्या दर्शनासाठी प्रभादेवीला सोमवारच्या मध्यरात्रीपासूनच माणसे रांगेत उभी असतात. इतक्या लोकांची पाण्याची, सावलीची, स्वच्छतेची, सुरक्षेची व्यवस्था फुकटात होत नाही. अनेक देवस्थाने अन्नछत्रे चालवतात, रुग्णांना मदत करतात, विद्यार्थ्यांना साहाय्य देतात. ज्याला घाई आहे त्याने अधिक रक्कम द्यावी आणि तिचा विनियोग गरिबांसाठी व्हावा, यात वावगे काय, असा प्रश्न केला जातो. तिरुमलेचे उदाहरणही पुढे केले जाते. तेथे गुरुवारची तिरुप्पावडा, शुक्रवारी मूलविग्रहाचा अभिषेक अशा वारावारांच्या सेवा ठरलेल्या आहेत आणि त्यांची तिकिटे मिळणेही दुरापास्त झाले आहे. जे तेथे चालते ते येथे का चालू नये?

याचे पहिले उत्तर असे की, दान आणि दर यांत भेद आहे. दानपेटीत टाकलेला रुपया कोणाच्या पुढे जाण्यासाठी टाकलेला नसतो. दर भरणारा मात्र रांगेतील दुसऱ्या कोणाचा तरी वेळ विकत घेत असतो. जो पुढे जातो त्याची दहा मिनिटे वाचतात ती हवेतून येत नाहीत. मागे थांबलेल्या शंभर जणांच्या वेळेतून ती कापून घेतलेली असतात. आणि वर म्हटल्याप्रमाणे वाराच्या पूजेत सामान्य माणूस देवाला जे वाहतो ते वेळच असते. त्याचे दान त्याला न विचारता दुसऱ्याच्या नावावर जमा करण्याचा अधिकार कोणत्याही विश्वस्त मंडळाला नाही.

दुसरे उत्तर देवाच्या मूर्तीकडे पाहून द्यावे लागते. प्रत्येकाला आपल्या नावाचा, आपल्या हातचा, आपल्या पैशाचा अभिषेक हवा असतो. दूध, दही, मध, साखर यांच्या या अखंड माऱ्याने आणि हातांच्या घर्षणाने शतकानुशतके टिकलेले पाषाण झिजू लागले आहेत. अंबाबाईच्या मूर्तीचे रासायनिक संवर्धन पुरातत्त्व खात्याकडून २०१५ मध्ये करून घ्यावे लागले. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या लिंगाची झीज थांबवण्यासाठी तर सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. लिंगावर हाताने घर्षण होऊ नये, असे निर्देश न्यायालयाने २०२० मध्ये दिले. खासगी पूजांची संख्या वाढेल तितका देव झिजेल, हा निव्वळ भौतिक हिशेब आहे. उलट, पालखीने, आरतीने, सामुदायिक पूजेने मूर्तीचा कणही झिजत नाही. एक मुखवटा हजारोंना पुरतो. पूर्वजांनी नित्यपूजेची मूर्ती आणि उत्सवाची मूर्ती वेगळी ठेवली, त्यात हे शहाणपण होते.

काय करता येईल

ज्या देवस्थानांना उत्पन्न सोडणे अशक्य वाटते त्यांनी निदान एवढे करावे. आठवड्यातील सहा दिवस आपली व्यवस्था कशीही असो, देवाच्या वारी सशुल्क दर्शनाची खिडकी बंद ठेवावी. त्या दिवशी मंत्री, अभिनेता, उद्योगपती आणि कारकून यांची रांग एकच असावी. अपवाद करायचाच तर तो वृद्धांचा, अपंगांचा आणि तान्ही मुले घेऊन आलेल्या मातांचा करावा, तोही विनामूल्य. त्या दिवशी वैयक्तिक अभिषेक न करता सर्वांच्या वतीने एकच पूजा व्हावी, आणि तिची वेळ कचेऱ्या व शाळा सुटल्यानंतरची असावी. देणगीचा हिशेब ठेवणे आणि तो तपासून घेणे हे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याने १९५० पासूनच बंधनकारक आहे; तो हिशेब लोकांना कळेल अशा साध्या मराठीत देवळाच्या दारातच लावावा.

आणखी एका वर्गाचा विचार व्हायला हवा. पालखीचे भोई, सनई-चौघडा वाजवणारे, दिवट्या धरणारे, हार गुंफणारे, पहाटे फरशा धुणारे या सर्वांच्या खांद्यावर वाराची पूजा उभी असते. भाविकाचा वार म्हणजे यांच्या कष्टांचा सर्वांत मोठा दिवस. ज्या परंपरेने खंडोबाच्या नावाने गिरणी कामगाराला सुटी मिळवून दिली तिने देवाच्या नावाने राबणाऱ्याला योग्य वेतन आणि आठवड्याची एक सुटी द्यावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

यावर काही बुद्धिवादी म्हणतील की, देवळात जावेच कशाला? ज्यांची श्रद्धा नाही त्यांना तो अधिकार अवश्य आहे. परंतु ज्यांची आहे त्यांच्या श्रद्धेचा बाजार होत असताना स्वस्थ बसणे हा बुद्धिवादाचा विजय ठरत नाही. श्रद्धाळूंनीही हे ध्यानात घेतले पाहिजे की, हा दर आपल्याच अधीरतेने वाढवलेला आहे. पुढे जाण्याची संधी दिसताच पाकीट उघडणारा भाविक आणि त्याच्याकडे बोट दाखवून दर ठरवणारे विश्वस्त हे एकाच व्यवहाराचे दोन पक्ष आहेत. खिडकीपाशी गिऱ्हाईकच आले नाही, तर ती बंद करण्यासाठी ठरावाची गरज पडणार नाही.

आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास माणसाला नाना प्रकारच्या रांगांत उभे राहावे लागते. शिधावाटपाच्या, रेल्वेच्या, दवाखान्याच्या प्रत्येक रांगेत ओळखीचा आणि पैशाचा माणूस आपल्या डोळ्यांदेखत पुढे जातो, हा त्याचा नित्याचा अनुभव आहे. ज्या रांगेत असे घडणार नाही अशी आठवड्यातून एक तरी रांग या समाजात असावी. ती देवळातच सापडू नये, तर सापडावी कोठे?