तेलाची धार पाहा

औषध तेच, मात्रा तीच, फवारणारे हातही तेच. तरी डास मरेनात, ही तक्रार हिवतापाच्या पट्ट्यात नवी नाही. लोक दोष देतात भेसळीला, नाहीतर कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीला. काही ठिकाणी तो खराही असेल. पण मोठे कारण डासाच्या शरीरातच आहे. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा मुख्य डास अ‍ॅनाफिलिस क्युलिसिफेसिस. डीडीटीला तो केव्हाच पुरून उरला, महाराष्ट्र आणि गुजरातेत मॅलॅथिऑनलाही दाद देईनासा झाला आणि आता पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनाही अनेक भागांत जुमानत नाही. सरकार गावोगाव वाटते त्या मच्छरदाण्यांच्या धाग्यात मुरवलेले औषध याच गटातले. अगदी नवे कीटकनाशक शोधून वापरात आणायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणूनच वनस्पतींच्या तेलांची जोड देऊन हाताशी असलेल्या औषधांची ताकद वाढवण्याच्या संशोधनाकडे आरोग्य खात्याने गांभीर्याने पाहायला हवे.

पायरेथ्रॉइड डासाच्या मज्जातंतूंवर घाला घालते. सरावलेल्या डासाच्या शरीरात सायटोक्रोम पी-४५० या विकरांचा जोर वाढलेला असतो आणि औषध मज्जातंतूपर्यंत पोहोचण्याआधीच ती ते मोडून टाकतात. काही तेलांतली द्रव्ये या विकरांनाच गुंतवून ठेवतात आणि औषधाची वाट मोकळी होते. हे ज्ञान जुने आहे. १९४० च्या सुमारास अमेरिकेत दिसून आले की, शेवंतीच्या जातकुळीतल्या फुलांपासून काढलेल्या पायरेथ्रमची मारकशक्ती तिळाच्या तेलाने वाढते. त्यामागे तिळातले सेसामिन होते. पुढे सॅफ्रोल या वनस्पतिजन्य द्रव्यापासून पिपरोनिल ब्युटॉक्साइड, म्हणजे पीबीओ, तयार झाले. टांझानियातल्या मुलेबा भागातील चाचणीनंतर २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीबीओ असलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस केली.

आपल्याकडे बाळंतिणीला जेवणानंतर चघळायला देतात तो बाळंतशेपा याच कामाचा आहे. त्याच्या तेलातले डिलॅपिओल हे सेसामिनच्याच रासायनिक घराण्यातले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच त्यापासून पायरेथ्रमला बळ देणारी द्रव्ये बनवून दाखवली होती. चार दशके उलटून गेली, तरी हे काम आपल्या गावांतल्या भिंतींपर्यंत आलेले नाही, याची खंत वाटते. पीक आपले, शास्त्रज्ञ आपले आणि डासही आपलेच.

तरीही घाई नको. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासांवर काही सुगंधी तेले वापरून पाहिली. पायरेथ्रॉइडची धार तेलांनी वाढली; मॅलॅथिऑनची मात्र बोथट झाली. कारण मॅलॅथिऑन मुळात तितके जहाल नसते. डासाच्या शरीरातली तीच विकरे त्याचे मॅलॅऑक्सॉन करतात आणि ते मारते. विकरे अडवली की औषधाचे विषच तयार होत नाही. आपल्या शहरांतल्या धूरफवारणीत मॅलॅथिऑन वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. उद्या एखाद्या नगरपालिकेने ‘हर्बल’ फवारणीच्या उत्साहात त्यातच तेल ओतले, तर पैसा जाईल आणि डास वाचतील.

अडचणी आणखीही आहेत. काही डासांच्या मज्जातंतूंतच असा बदल झालेला असतो की औषध तिथे पकडच घेत नाही. तिथे तेलाचा फारसा उपयोग नाही. सुगंधी तेले उडून जातात, आणि भिंतीवरचे औषध तर महिनोन्महिने टिकावे लागते. आधीच मातीच्या घरांत फवारणी झाली की सणासुदीला भिंत सारवली जाते आणि औषध शेणामातीखाली गाडले जाते. तेल टिकवून धरणारी सूक्ष्म वेष्टने करता येतात, पण ती घरोघरच्या भिंतींवर सिद्ध व्हायला हवीत. आणि वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर सोडलाच पाहिजे. ज्या सॅफ्रोलपासून पीबीओ बनते, ते खाद्यपदार्थांत घालण्यावर अमेरिकेने १९६० मध्येच बंदी घातली. डासाची विकरे अडवणारे द्रव्य मधमाशीची आणि माशाचीही अडवू शकते.

कोणत्या गावात काय चालेल हे ओळखण्याची चाचणी मात्र अवघड नाही. त्या गावातल्या वीस-पंचवीस माद्या औषध लावलेल्या कागदाच्या नळीत तासभर ठेवायच्या आणि चोवीस तासांनी मेलेल्या मोजायच्या. शेकडा नव्वदही मेल्या नाहीत, तर औषध हरले. मग तसेच दुसरे डास आधी तासभर पीबीओच्या कागदावर ठेवून तीच चाचणी पुन्हा करायची. मरणाऱ्यांची संख्या वाढली, तर दोष विकरांचा आणि तिथे जोडद्रव्याला वाव आहे; वाढली नाही, तर औषधच बदलायला हवे.

देशात १९६५ मध्ये हिवतापाचे रुग्ण सुमारे एक लाखावर आले होते. १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. त्यात डीडीटीला सरावलेल्या डासांचाही हात होता. आता २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करायचा आहे आणि महाराष्ट्रातला मोठा भार गडचिरोलीवर आहे. भामरागड, एटापल्लीच्या पाड्यांवर राहणाऱ्यांना निकामी औषधाची फवारणी परवडणारी नाही. राज्याने तिथून सुरुवात करावी. कीटकशास्त्रज्ञांची पदे भरावीत, दर फवारणीच्या हंगामाआधी ही चाचणी करावी आणि तिचा निकाल हाती आल्यावरच औषध खरेदीची निविदा काढावी. बाळंतशेपा, गवती चहा, निरगुडी यांच्या तेलांची रीतसर क्षेत्रीय चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देखरेखीखाली व्हावी. आणि आपल्या गावचा डास कोणत्या औषधाने मरतो, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत आणि माडिया बोलीत लिहिले जावे.