कर्ता कोण?

‘कळ दाबली की फोटो निघतो, त्यात फोटोग्राफरने केले काय?’ असे आमच्या स्टाफरूममधले एक गृहस्थ म्हणतात. मला मराठीच्या मास्तराला हा कर्त्याचा प्रश्न वाटतो. आणि तो एकदा थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता.

न्यूयॉर्कच्या नेपोलियन सरोनीकडे नटनट्या आणि बडी मंडळी फोटो काढून घ्यायला येत. रंगभूमीवरच्या नामांकितांना तो उलट बसण्याचे पैसे मोजी आणि फोटो विकून वसूल करी. १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्ड आला. लांब केस, गुडघ्यापर्यंतची विजार, लांब मोजे! त्यातल्या एका फोटोच्या ८५,००० प्रती एका छापखान्याने परस्पर काढल्या. सरोनी कोर्टात गेला. छापखान्याचे म्हणणे, ही तर यंत्राने केलेली नक्कल. हिला कर्ता कसला? १८८४ मध्ये निकाल लागला : बैठक, पोशाख, पडदे, उजेड-सावली, चेहऱ्यावरचा भाव, सारे सरोनीने योजलेले, तेव्हा कर्ता तोच. (वाइल्डचाही त्यात थोडा वाटा असावा, असे मला आपले वाटते.)

आणि कॅमेरा? त्याला सरोनी बहुधा हातही लावीत नसे. ते काम मदतनीसाकडे. हा समोर उभा राहून, हातवारे करून, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर हवा तो भाव आणी.