आई, बघायला ये!



मृग लागला, लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधून झाली आणि आता घरोघरी एकच धांदल सुरू आहे, ती शाळेची! जूनच्या मध्यावर शाळा उघडतील. विदर्भातल्या मैत्रिणींना मात्र उन्हामुळे आणखी थोडे दिवस कळ काढायची आहे. ‘कळ काढायची’ हे शब्द किती सहज लिहून गेले बघा! आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आमच्याकडे दोन मुलं. थोरली आता चौथीत जाईल, धाकटा दुसरीत. मे महिना कसा गेला ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. नणंदेची मुलं पंधरा दिवस राहून गेली. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, वर्षाचं तिखट, त्यातच सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आणि दर पाच मिनिटांनी ‘आई, हिनं मला मारलं’, नाहीतर ‘आई, भूक लागली’. परवा शेजारच्या वहिनींना मी म्हणाले, “कधी एकदाची शाळा सुरू होतेय, असं झालंय बाई!” आपण सगळ्याच म्हणतो हो, त्यात एवढं काय?

रात्री अंथरुणावर पडल्यावर धाकट्यानं विचारलं, “आई, शाळा सुरू झाली की तुला बरं वाटेल ना?”

आवाजात रुसवा नव्हता. आजारी माणसाची चौकशी करावी तसं विचारलं त्यानं. मला उत्तरच सुचेना. “झोप आता, उशीर झालाय,” एवढं म्हणाले आणि दिवा मालवला. मला मात्र झोप येईना.

सकाळी चहा ठेवायच्या आधी त्याला म्हटलं, “चल, तुझं झाड दाखव.” एप्रिलमध्ये पहिले आंबे आले, तेव्हा त्यानं एक कोय तेलाच्या जुन्या डब्यात पुरली होती. रोज पाणी घालायचा. मग एके दिवशी ओरडत आला, “आई, बघायला ये!” माझे हात कणकेत होते. म्हटलं, “येते रे.” दुसऱ्या दिवशी गच्चीवर पापड्या होत्या, तिसऱ्या दिवशी पाहुणे. पुढे त्यानं हाक मारायचंच सोडलं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

डब्यात वीतभर रोप उभं होतं. “किती छान रे!” मी म्हटलं.

“आता हिरवं झालं,” तो म्हणाला. “आधी लाल होतं. लाल आणि चकचकीत. तेव्हा तू बघायला हवं होतंस.”

आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते आणि थोड्या दिवसांत हिरवी होते, हे मला का ठाऊक नाही? पण ती परत तांबूस होत नाही. पुढच्या वर्षी दुसरी कोय रुजेल, पण तो तेव्हा सात वर्षांचा असेल.

कामं टाकून मुलांशी खेळत बसा, असं मी मुळीच सांगणार नाही. पापड्या केल्या नाहीत तर श्रावणात आपल्यालाच आठवतात! पण मी एक ठरवलंय. ‘येते’ म्हटलं की जायचं. जमणार नसेल तर ‘भाकऱ्या झाल्या की येते’ असं स्पष्ट सांगायचं, आणि भाकऱ्या झाल्यावर हात पुसून खरंच उठायचं. पाच मिनिटं पुरतात हो!

उरलेल्या दिवसांतली कामंही मुलांना जवळ घेऊन करता येतात. रोज पंधरा मिनिटं लवकर झोपवा आणि तेवढंच लवकर उठवा, म्हणजे पहिल्या दिवशी रडारड होत नाही. गणवेश आत्ताच घालून बघा. थोरलीचा स्कर्ट दोन बोटं आखूड झालाय, खालची दुमड उसवून वाढवायला घेतलाय. दुमडीच्या आतल्या कापडाचा रंग अजून नव्यासारखा आहे. वह्यांना कव्हरं मुलांनाच घालू द्या. वाकडी झाली तरी चालतील, त्या निमित्तानं तासभर गप्पा होतात. आणि पावसात बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओलावा लवकर शोषला जातो.

धाकट्यानं काल विचारलं, “याला हापूस येणार ना?” मी म्हटलं, कोयीच्या झाडाला हापूसच येईल असं नाही, तो हवा तर कलम लावावं लागतं. “मग काय येईल?” “ते आल्यावरच कळेल.” फळ धरायला सहा-सात वर्षं तरी लागतील. तोवर स्वारी आठवीत-नववीत असेल. तेव्हा ‘आई, बघायला ये’ म्हणेल की नाही, कोण जाणे. पाऊस नीट सुरू झाला की रोप मागच्या अंगणात लावायचं, असं आमचं ठरलंय. खड्डा तो खणणार आहे आणि मी बघायला जाणार आहे.

पुढच्या आठवड्यात डब्यातल्या पदार्थांविषयी बोलू. तोवर तुमच्या घरी कुणी हाक मारत असेल, तर जाऊन या बरं!