‘बेस्ट’चा तोटा कोणाचा?

मी शिक्षक आहे. महापालिकेच्या शाळेला यंदा नफा किती झाला, असे मला आजवर कोणी विचारलेले नाही. मग ‘बेस्ट’लाच रोज तोट्याचा जाब का?

वाहतुकीला अडथळा म्हणून ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची ट्राम कायमची बंद झाली. मोकळा रस्ता कोणाला मिळाला? मोटारींना.

मे २०२५ मध्ये बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० झाले. सागरी किनारा मार्गावर मात्र मोटारवाल्याला टोल नाही. त्यावर ओतलेल्या हजारो कोटींना ‘विकास’ म्हणायचे आणि बसला दिलेल्या पैशाला ‘तोटा’?

गोवंडीच्या एखाद्या मुलीचे कॉलेज दुप्पट भाड्यापायी सुटले, तर तो तोटा कोणाच्या खात्यावर मांडणार?