राजा जेवतो काय?

काही लोक चावट पुस्तकांना धार्मिक ग्रंथांची कव्हरं घालतात म्हणे. मी राक्षसांच्या पुस्तकांना कव्हर घालतो आणि वर ठळक अक्षरांत लिहितो, 'आयकर मार्गदर्शन'. सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये पन्नाशीचा गृहस्थ आग ओकणाऱ्या ड्रॅगनचं चित्र छातीशी धरून उभा राहिला, तर शेजारची मंडळी ज्या नजरेनं पाहतात ती मी एकदाच सोसली आहे. पुन्हा हिंमत नाही. कव्हराचा तोटा एवढाच, की मार्च महिन्यात लोक सल्ला विचारतात.

सांगून टाकतो. मी अद्भुत कादंबरी लिहितो. गेली अकरा वर्षं लिहितोय. मध्यंतरी एका प्रकाशकांनी ती साभार परत केली. सोबत चिठ्ठी होती : 'आमचा वाचक आता मोठा झाला आहे.' आमच्या ऑफिसातल्या साहेबांचंही तेच. म्हणतात, "अहो, चांदोबा बंद पडला तरी तुम्ही अजून तिथंच? जरा वास्तव वाचत जा!"

आता या साहेबांचं वास्तव बघा. सकाळी पेपर आला की आधी राशिभविष्य. दर श्रावणात घरी सत्यनारायण. साधुवाण्याच्या नावेतल्या धनाचा पालापाचोळा होतो, तिथं साहेब डोळे मिटून मान डोलावतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही, प्रसादाचा शिरा मीही दोनदा घेतो. पण तशीच एक नाव माझ्या चौथ्या प्रकरणात आली, की लगेच, "पटत नाही हो!"

अद्भुत म्हणजे पोरांचं, हे ठरवलं कुणी? अकराव्या शतकात सोमदेवानं वीस हजारांवर श्लोकांचा 'कथासरित्सागर' रचला, तो काश्मीरच्या सूर्यमती राणीच्या मनोरंजनासाठी. राणी काही तिसरीत शिकत नव्हती. वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यातच आहेत. नवऱ्याचं आणि भावाचं डोकं एकमेकांच्या धडावर बसलं, तर बाईनं नवरा म्हणायचं कुणाला? हा प्रश्न कुठल्या बालवाडीत विचारतात, ते साहेबांनी सांगावं.

पण भांडायचंच तर घरापासून सुरुवात करावी. आम्हा होतकरू अद्भुतकारांचंही चुकतं. आम्ही एक टॉल्किन वाचतो आणि लगेच आमच्या कागदावर बर्फ पडायला लागतं. माझ्या कादंबरीत पहिल्याच पानावर पडतं. मी बर्फ पाहिलाय तो रसवंतीगृहात, गोणपाटात गुंडाळलेला. सौ.नं तीन प्रकरणं नेटानं वाचली आणि विचारलं, "अहो, तुमचा हा राजा जेवतो काय?"

मी हसलो. मग गुपचूप हस्तलिखित काढून बसलो. चारशे बारा पानं, सात लढाया, दोन शाप आणि एकही पंगत नाही! आख्खं राज्य अकरा वर्षं उपाशी.

मग टॉल्किनचं १९३७ सालचं 'हॉबिट' पुन्हा उघडलं. पहिल्याच प्रकरणात तेरा बुटके आणि एक जादूगार न कळवता चहाला टपकतात, आणि यजमानाच्या पोटात गोळा येतो : केक पुरतील ना? ड्रॅगन पुढं कधीतरी. आधी फराळाचे डबे रिकामे होतात. ही धास्ती डोंबिवलीतल्या कुठल्याही बिऱ्हाडाला समजावून सांगावी लागणार नाही. ऑक्सफर्डच्या त्या प्रोफेसरानं आधी स्वतःच्या मुलखातली कोठी मांडली. आम्ही त्याचा ड्रॅगन तेवढा उचलला आणि कोठी तिथंच ठेवली.

तेव्हापासून माझं वाचन बदललंय. उशाशी 'रुचिरा' असते, पंचांग असतं, जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर असतं. पाऊस कधी लागतो, घाटात गाडी कुठं अडायची, भाकरीला पीठ किती, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा राक्षस कुणाला खरा वाटणार?

आणि साभार परत आल्याचं दुःख? ती परंपरा तर आपल्या पैठणचीच. सोमदेवच सांगतो, गुणाढ्यानं शाई नव्हती म्हणून रक्तानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, तीही पैशाची भाषेत. सातवाहन राजानं नाक मुरडून परत केली. गुणाढ्य डोंगरावर बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरणं विसरून ऐकत राहिली. ती वाळली, मुदपाकखान्यात वाळकं मांस जाऊ लागलं, राजा आजारी पडला. आचाऱ्यांनी शिकाऱ्यांकडं बोट दाखवलं, शिकाऱ्यांनी डोंगराकडं. राजा धावत आला तेव्हा एक लाख श्लोक काय ते उरले होते. राजा वाङ्मयाच्या ओढीनं आलाच नव्हता. जेवण बिघडलं म्हणून आला!

म्हणून साहेब, सांगून ठेवतो. एखाद्या दिवशी तुमच्या डब्यातली मेथी सुकलेली लागली, तर वहिनींना बोलू नका. आधी चौकशी करा. आमचा भाजीवाला सध्या रोज संध्याकाळी माझं पाचवं प्रकरण ऐकतोय.