आधी रंग जातो, मग अंडे

यवत, केडगाव, पाटस आणि पलीकडे शिरूरच्या बाजूला ब्रॉयलरच्या शेडशेजारीच शे-दोनशे तपकिरी अंड्यांच्या कोंबड्या पाळणारे आपले अनेक वाचक आहेत. गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजते ते त्या रंगासाठी. त्यामुळे अंडी पांढुरकी पडू लागली की लगेच कॅल्शियमची बाटली नाहीतर प्रतिजैविकाची पुडी पाण्यात पडते. आमचे म्हणणे एवढेच आहे, की औषधाआधी अंडे नीट पाहा.

अंडे तयार व्हायला साधारण २५ तास लागतात. त्यातले २० तास ते कवचग्रंथीत असते. तपकिरी रंग म्हणजे प्रोटोपॉर्फिरिन. त्याचा बराचसा भाग शेवटच्या काही तासांत वरून चढतो. नुकत्याच घातलेल्या ओल्या अंड्यावरून बोट फिरवले, तर तो पुसलाही जातो. म्हणून कवचग्रंथीला इजा झाली किंवा कुत्र्याने, फटाक्यांनी कोंबडी बिथरली, की रंगात लगेच फरक दिसतो. यात कॅल्शियमचा संबंध थोडा. त्याची कमतरता रंगात नव्हे, कवचाच्या जाडीत दिसते. वय झाल्यावर अंडे मोठे होते, रंग तेवढाच राहतो आणि पातळ पसरतो. त्याला इलाज नाही, गरजही नाही.

आपल्या भागात एक कारण मात्र हमखास नजरेतून सुटते. ब्रॉयलरची बॅच गेली की उरलेले पोते अंड्यांच्या कोंबड्यांना घातले जाते. ब्रॉयलरच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवरचे निकार्बाझिन असते. ते पोटात गेले की दोन-तीन दिवसांत तपकिरी अंडी पांढरी पडतात, मात्रा जास्त असेल तर अंडीही घटतात. पोते बंद केले की आठवडाभरात रंग परततो. ज्या गिरणीत दोन्ही खाद्ये एकापाठोपाठ दळली जातात, तिथेही हे होऊ शकते. पोत्यावरची चिठ्ठी वाचा.

रंग गेला, पाठोपाठ पातळ कवचाची, मग नुसत्या पडद्याची अंडी येऊ लागली आणि कोंबड्या मात्र खाऊन-पिऊन ठीक, तर संशय ईडीएसचा, म्हणजे एग ड्रॉप सिंड्रोमचा. १९७६ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला हा विषाणू. त्यावर औषध नाही, प्रतिजैविकाचा उपयोग शून्य. तलंगा अंड्यावर येण्याआधी, १४ ते १६ आठवड्यांच्या असताना दिलेली लस हाच उपाय. बीव्ही-३०० सारख्या पांढऱ्या अंड्यांच्या कोंबड्यांत रंगाची ही आगाऊ सूचना मिळत नाही. तिथे कवच रोज हाताने तपासावे लागते.

रंग शाबूत आणि अंडी कमी, असे असेल तर उजेड मोजा. डिसेंबरात आपला दिवस जेमतेम ११ तासांचा, कोंबडीला हवेत १४ ते १६. पिसे झडत असतील किंवा कोंबडी खुडूक बसली असेल, तर ती थांबणारच. उन्हाळ्यात धापा टाकणारी कोंबडी पातळ कवच देते. तिला थंड पाणी द्या, खाद्य पहाटे द्या.

अंडी एकदम घटली आणि सोबत मरतुक सुरू झाली, तर मात्र घरी थांबून चालणार नाही. मानमोडी असेल किंवा बर्ड फ्लू. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यापाठोपाठ आपल्याच दौंड तालुक्यातल्या बोरीबेलचे नाव आले होते. अशा वेळी व्यापाऱ्याला बोलावून कोंबड्या काढून टाकणे म्हणजे शेजारच्या शेडमध्ये रोग पोचवणे आहे. २००९ च्या कायद्यानुसार कळवणे बंधनकारकही आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच सांगा. औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे नमुने त्यांच्यामार्फत पाठवा.

त्यांचा पहिला प्रश्न असेल, कधीपासून? त्यासाठी शेडच्या दाराला आजच एक वही टांगा. रोजची अंडी, त्यातली फिकी किती, मऊ किती, खाद्याचे पोते कोणत्या दिवशी बदलले, एवढे लिहीत जा.